बडोद्याचा फिरता अर्ज

पालघर आणि बोईसरवरून जाणारा लोहमार्ग पुढे बडोद्यास पोहोचतो. सप्टेंबर १९१७ मध्ये बाबासाहेब आंबेडकर मुंबईहून बडोदे संस्थानाच्या नोकरीत रुजू होण्यासाठी गेले. सयाजीराव महाराजांच्या शिष्यवृत्तीवर त्यांनी कोलंबिया विद्यापीठात उच्च शिक्षण घेतले होते आणि करारानुसार दहा वर्षे संस्थानाची सेवा करावयाची होती. धनी पुरोगामी, अधिकारी विद्वान, करार लेखी; तरीही ही नोकरी काही दिवसांतच संपली.

कचेरीतील शिपाई कागदपत्रे दुरूनच त्यांच्या टेबलावर फेकीत. पिण्यास पाणी मिळेना, राहण्यास घर मिळेना. पारशी नाव घेऊन ते एका पारशी विश्रामगृहात राहिले. अकराव्या दिवशी लाठ्या घेतलेल्या लोकांनी त्यांना बाहेर काढले. सरकारी निवासस्थानासाठी केलेला त्यांचा अर्ज मात्र एका अधिकाऱ्याकडून दुसऱ्याकडे फिरतच राहिला. त्या अर्जास कोणी नकार दिला नाही, कोणी निकालही दिला नाही. संस्थानाने स्वतः घडविलेला माणूस या मौनामुळे गमावला.

१९१८ साली ते मुंबईच्या सिडनहॅम महाविद्यालयात प्राध्यापक झाले, तेव्हा काही सहकाऱ्यांनी पाण्याच्या सामाईक भांड्यावरून हरकत घेतली. पुढे भेदभावाची ही व्यावहारिक निमित्ते त्यांनी एकेक करून उघडी पाडली. गिरण्यांच्या विणाईखात्यात मजुरी अधिक मिळे. पण कांडी बदलताना धागा तोंडाने ओढावा लागतो, या सबबीवर तेथे अस्पृश्यांना मज्जाव होता. १९२८ च्या संपात त्यांनी ही बंदी उठविण्याची मागणी लावून धरली. बंदी खुद्द सहकारी कामगारांचीच होती आणि मालक तिकडे बोट दाखवून मोकळे होत. १९३८ मध्ये मनमाडच्या रेल्वे कामगार परिषदेत त्यांनी अस्पृश्य गँगमनला बढती का मिळत नाही, याचा जाब विचारला.

१९४२ ते १९४६ या काळात ते व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री होते. नंतर त्यांच्या अध्यक्षतेखालील समितीने तयार केलेल्या राज्यघटनेच्या १६ व्या अनुच्छेदाने सरकारी नोकरीत धर्म, जात, लिंग, जन्मस्थान आदी कारणांवरून भेदभाव करण्यास मनाई केली. ६ डिसेंबर १९५६ रोजी त्यांचे निधन झाले.

हा अनुच्छेद खासगी कारखान्यास थेट लागू नाही. तेथे वेगवेगळे कायदे तुकड्यातुकड्यांनी संरक्षण देतात. २० वा अधिक कामगार असलेल्या उद्योगात तक्रार निवारण समिती हवी. १० वा अधिक माणसे असलेल्या कामाच्या ठिकाणी, २०१३ च्या कायद्यानुसार, स्त्रियांच्या लैंगिक छळाच्या तक्रारींसाठी अंतर्गत समिती हवी आणि तिने ९० दिवसांत चौकशी पुरी करावी. तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत स्थानिक आदिवासी, परप्रांतीय आणि स्त्रिया एकाच फाटकातून कामावर जातात. तेथील व्यवस्थापनाने समितीचा फलक लावून थांबू नये. तक्रार लेखी घ्यावी, पोच द्यावी, तक्रारदाराची नोकरी सुरक्षित ठेवावी, दोन्ही बाजू ऐकाव्यात आणि मुदतीत सकारण निर्णय द्यावा. दोष मुकादमाचा वा सहकाऱ्यांचा आहे, एवढे सांगून मालकाची सुटका होत नाही. बडोद्यास महाराजांची सदिच्छा होती. उणीव होती ती अर्जाचा निकाल लावणाऱ्या एका जबाबदार माणसाची.