वाजिद अली शाह : गार्डन रीचची भूमी

१८५६ साली डलहौसीने अवध खालसा केले आणि ‘अख्तर’ या नावाने काव्य करणारे राजे वाजिद अली शाह (१८२२–१८८७) कलकत्त्यास आले. फोर्ट विल्यममधील बंदिवासानंतर गार्डन रीचच्या मटियाबुर्ज भागात, बारा लाखांच्या वार्षिक तनख्यावर, त्यांनी दुसरे लखनौ वसविले. ‘बनी’ हा संगीत-नृत्यविषयक ग्रंथ तेथलाच. त्यांच्या निधनानंतर हा पसारा मोडला. त्याच १८८७ साली बंगाल-नागपूर रेल्वे कंपनी स्थापन झाली. १८५४ मध्ये खालसा झालेले भोसल्यांचे नागपूर कलकत्त्याशी जोडणाऱ्या या कंपनीचे मुख्यालय पुढे गार्डन रीचलाच आले. रेल्वे कंपन्यांना सरकार भूमी देई. राजाचा किताब व तनखा मात्र त्यांच्यासवेच संपला. सिब्तैनाबाद इमामबाड्यातील कबर आणि ग्रंथ तेवढे मागे राहिले.