अल्गोलचे वेळापत्रक शोधणारा जॉन गुडरिक

१२ नोव्हेंबर १७८२च्या रात्री इंग्लंडमधील यॉर्क शहरात अठरा वर्षांचा एक तरुण ययाती तारकासमूह न्याहाळत होता. एरवी तेजस्वी असणारा अल्गोल त्याला मंद दिसला. प्रथम त्याला हा आपल्या डोळ्यांचा किंवा हवेचा दोष वाटला.

जॉन गुडरिकचा जन्म १७६४ मध्ये नेदरलँड्समधील ग्रोनिंगेन येथे झाला. बालपणीच त्याची श्रवणशक्ती गेली. एडिंबरोला टॉमस ब्रेडवुड यांच्या बधिर मुलांच्या शाळेत व पुढे वॉरिंग्टनला तो शिकला. यॉर्कमध्ये शेजारी राहणाऱ्या एडवर्ड पिगॉटमुळे त्याला रूपविकारी ताऱ्यांचा ध्यास लागला.

अल्गोल मंदावतो, हे इटलीच्या मोंतानारीने शतकभर आधीच नोंदवले होते. मंदावण्यामागचा नियम मात्र कोणाला सापडला नव्हता. गुडरिक शेजारच्या ताऱ्यांशी नुसत्या डोळ्यांनी तुलना करीत रात्रीमागून रात्री नोंदी करीत राहिला. अखेर त्याने काढलेला आवर्तकाल २ दिवस २० तास ४९ मिनिटांचा होता. आजच्या मूल्याशी त्याचा फरक काही सेकंदांचाच आहे. एखादा काळोखा गोल ताऱ्याभोवती फिरत त्याला ग्रहण लावत असावा किंवा ताऱ्यावर डाग असावेत, अशा दोन शक्यता त्याने मांडल्या. १७८३चे कॉपली पदक त्याला मिळाले. (आपल्याकडे हे वय बारावीच्या निकालाची वाट पाहण्याचे!) परंतु विल्यम हर्शेलला दुर्बिणीतून जोडीदार दिसला नाही आणि ग्रहणाची कल्पना मागे पडली. १८८९ मध्ये पॉट्सडॅमच्या फोगेलने वर्णपटावरून तो जोडीदार सिद्ध केला.

१७८४ मध्ये गुडरिकने स्वरमंडलातील बीटा ताऱ्याची चंचलता ओळखली. आज या युग्माचा आवर्तकाल सुमारे १२.९४ दिवस असून तो दरवर्षी सुमारे १९ सेकंदांनी वाढतो. हलक्या ताऱ्याचे द्रव्य जड जोडीदाराकडे वाहते, दोघांतील अंतर वाढते आणि फेरी लांबते. एका वर्षातला हा फरक कोण पकडणार? गुडरिकच्या काळापासून तो साचत सव्वा तासावर गेला आहे, म्हणूनच त्या जुन्या नोंदी मोलाच्या. अल्गोलचा आवर्तकालही किंचित मागेपुढे होतो, हे पुढच्या शतकात निरीक्षकांच्या ध्यानात आले.

त्याच वर्षी त्याने वृषपर्वातील डेल्टा तारा टिपला. तो ग्रहणाने नव्हे, तर स्वतःच्या स्पंदनाने उजळतो-मंदावतो. गुडरिकच्या काळी हे उलगडणे शक्य नव्हते.

६ एप्रिल १७८६ रोजी रॉयल सोसायटीने त्याला सदस्यत्व दिले. २० एप्रिलला त्याचा मृत्यू झाला. तेव्हा तो एकवीस वर्षांचा होता.