जे.जे. आणि बेवारस कुत्री

बोर्लीहून मुंबईच्या जे.जे. इस्पितळात रुग्ण नेणाऱ्यांना सर जमशेदजी जीजीभाई (१७८३-१८५९) हे नाव ठाऊक आहे. मोतमाउलीच्या वाटेवरचा माहीमचा बांधही त्यांच्या पत्नी आवाबाईंच्या पैशातून झाला. सोळाव्या वर्षी पोरके झालेले हे पारशी गृहस्थ चीनच्या व्यापारात श्रीमंत झाले. त्या व्यापारात अफूही होती, हे लपवू नये.

१८३२ मध्ये सरकारी हुकमाने मुंबईत भटकी कुत्री मारली जाऊ लागली. शिपायांना बक्षीस मिळे. पारशी चिडले, दंगल झाली. दोन वर्षांनी जमशेदजींनी मोतीचंद अमीचंद या जैन व्यापाऱ्यासह पांजरपोळ संस्था स्थापली. कुणाला नको असलेली कुत्री, डुकरेसुद्धा तिथे पोसली जाऊ लागली. खर्चासाठी व्यापाऱ्यांनी आपल्याच मालावर लाग बसवून घेतला. ही संस्था आजही भुलेश्वरला आहे.