अमेलिया इअरहार्ट यांची विमाने कोणती होती?

अमेरिकी वैमानिक अमेलिया इअरहार्ट यांनी १९२१मध्ये पहिले विमान घेतले, पिवळे ‘किनर एअरस्टर’. लाडाचे नाव ‘कॅनरी’. यातूनच त्यांनी १४ हजार फूट उंची गाठली. पण पैशांची चणचण भासली आणि १९२४मध्ये ते विकले. १९२८मध्ये ‘एव्रो एव्हियन’ आले.

खरे नाव झाले ते लाल ‘लॉकहीड व्हेगा’मुळे. मे १९३२मध्ये त्यांनी एकटीने अटलांटिक ओलांडला. उंचीमापक बंद, एक्झॉस्टच्या तड्यातून ज्वाळा. तरी सुमारे १५ तासांनी त्या उत्तर आयर्लंडच्या कुरणात सुखरूप उतरल्या. हे विमान आज वॉशिंग्टनच्या संग्रहालयात आहे.

दोन इंजिनांचे ‘इलेक्ट्रा’ मात्र पर्ड्यू विद्यापीठाच्या निधीतून आले. पृथ्वीप्रदक्षिणेत कराची, कलकत्ता मागे टाकून ते २ जुलै १९३७ रोजी हाउलँड बेटाजवळ बेपत्ता झाले. इअरहार्ट यांच्या चाळिशीला तेव्हा तीन आठवडे उरले होते.