गुनपेई योकोई : खेळण्यांचा किमयागार

थोरांची चरित्रे म्हटली की आपल्यापुढे राजे, सेनापती, संत आणि समाजसुधारक उभे राहतात. खेळणी बनविणाऱ्याचे चरित्र सहसा कोणी लिहीत नाही. परंतु ज्यांच्या कल्पकतेने जगभरच्या कोट्यवधी मुलांना आनंद दिला, त्या जपानच्या गुनपेई योकोई यांचे जीवन मला तितकेच बोधप्रद वाटते.

योकोई यांचा जन्म १० सप्टेंबर १९४१ रोजी क्योटो शहरात झाला. तेथील दोशिशा विद्यापीठातून त्यांनी इलेक्ट्रॉनिक्सची पदवी घेतली. गुण बेताचेच होते. मोठ्या कंपनीची नोकरी त्यांच्या वाट्याला आली नाही. १९६५ साली ते निन्टेंडो या कंपनीत रुजू झाले. आज हे नाव मोठे असले, तरी १८८९ साली स्थापन झालेली ही कंपनी तेव्हा मुख्यतः पत्ते तयार करीत असे. फुलांची चित्रे असलेले 'हानाफुदा' पत्ते हा तिचा मूळ धंदा. पत्ते तयार करणाऱ्या यंत्रांची देखभाल करणे, हे पदवीधर योकोईंचे काम!

रिकाम्या वेळात त्यांनी स्वतःच्या गमतीसाठी लांब होणारा, वस्तू पकडणारा एक हात बनविला. कंपनीचे अध्यक्ष हिरोशी यामाउची यांच्या तो दृष्टीस पडला. रागावण्याऐवजी त्यांनी ते खेळणे बाजारात आणण्यास सांगितले. १९६६ साली 'अल्ट्रा हँड' या नावाने ते दहा लाखांहून अधिक खपले आणि यंत्रे दुरुस्त करणारा तरुण खेळण्यांचा निर्माता झाला.

पुढे एकदा आगगाडीच्या प्रवासात कंटाळलेला एक गृहस्थ गणकयंत्राची बटणे दाबत वेळ घालवीत असलेला त्यांना दिसला. आपणही असे दृश्य पाहतो आणि विसरतो. योकोईंना मात्र त्यातून खिशात मावणारा खेळ सुचला. गणकयंत्रातील पडदा तोवर बराच स्वस्त झाला होता. तोच वापरून १९८० साली 'गेम अँड वॉच' जन्मास आला. १९८२ मध्ये 'डाँकी काँग' खेळाच्या अशाच यंत्रावर त्यांनी अधिक चिन्हाच्या आकाराचे बटण बसविले. अंगठ्याने चारही दिशांना खेळ चालविण्याची ही युक्ती पुढे सर्वत्र रूढ झाली.

जुने, सर्वांच्या परिचयाचे, स्वस्त झालेले तंत्र घ्यावे आणि त्याचा कोणाला न सुचलेला उपयोग शोधावा, हे त्यांचे सूत्र होते. १९८९ सालचा 'गेम बॉय' हे त्याचे उत्तम उदाहरण. प्रतिस्पर्ध्यांनी रंगीत पडद्याची यंत्रे आणली, पण त्यांना सहा सेल लागत आणि तेही लवकर संपत. गेम बॉयचा पडदा रंगहीन, परंतु चार सेलवर तो कितीतरी अधिक वेळ चाले आणि किंमतही कमी. पुढील रंगीत आवृत्ती धरून त्याची विक्री सुमारे ११ कोटी ८७ लाखांवर गेली.

यशामागून अपयशही आले. १९९५ साली त्यांनी 'व्हर्च्युअल बॉय' हे डोळ्यांना लावून खेळण्याचे यंत्र आणले. त्यात सारे दृश्य केवळ लाल रंगात दिसे. लोकांनी ते नाकारले व अल्पावधीत ते बंद झाले. ऑगस्ट १९९६ मध्ये, एकतीस वर्षांच्या सेवेनंतर, योकोईंनी निन्टेंडो सोडली. त्यांनी 'कोतो' ही स्वतःची लहानशी संस्था काढली आणि बंदाई कंपनीसाठी 'वंडरस्वान' या यंत्राची आखणी सुरू केली. पण काळाला ते मान्य नव्हते. ४ ऑक्टोबर १९९७ रोजी महामार्गावर त्यांच्या मोटारीला अपघात झाला. खाली उतरले असता दुसऱ्या मोटारीची धडक बसून त्यांचा अंत झाला. वय अवघे छप्पन्न! १९९९ मध्ये वंडरस्वान बाजारात आले, तेव्हा त्यावरील एका खेळाला त्यांचेच नाव देण्यात आले होते.

घराण्यात प्रथमच कॉलेजची पायरी चढलेल्या माझ्यासारख्यांना पुष्कळदा वाटते, की आपली साधने तुटपुंजी, आपले गुण बेताचे, आपल्या हातून काय होणार? योकोईंपाशी तरी नवे कोरे असे काय होते? दुसऱ्यांच्या दृष्टीने जुनी झालेली वस्तू त्यांनी नव्या नजरेने पाहिली. अपयशानंतर वयाच्या पंचावन्नाव्या वर्षी पुन्हा पहिल्यापासून आरंभ केला. साधने थोडी असणे ही लाज नव्हे, ती हाती असून डोळे मिटून बसणे ही खरी लाज, एवढे मी त्यांच्या चरित्रातून शिकलो.