तबकडीवर न उतरलेले गाणे

कोल्हापूरच्या सांगीतिक वैभवाची चर्चा निघाली की उस्ताद अल्लादिया खाँ यांचे नाव प्रथम घेतले जाते. जयपूर-अत्रौली घराण्याचे ते प्रवर्तक. भास्करबुवा बखले, केसरबाई केरकर, मोगूबाई कुर्डीकर असे दिग्गज त्यांच्या तालमीत तयार झाले. परंतु ज्यांच्या गाण्याविषयी इतके लिहिले आणि बोलले गेले, त्या खाँसाहेबांच्या आवाजाची एकही ध्वनिमुद्रिका आज उपलब्ध नाही. लंडनच्या ग्रामोफोन कंपनीचा फ्रेड गायसबर्ग कलकत्त्यास उतरला आणि गौहरजानचे गाणे त्याने तबकडीवर घेतले, ते साल १९०२. खाँसाहेब त्यानंतर ४४ वर्षे जगले. अब्दुल करीम खाँ यांच्यासारख्या समकालीनांच्या तबकड्या घरोघरी वाजत असताना त्यांनी स्वतःला या यंत्रापासून कटाक्षाने दूर ठेवले. हा एका वृद्ध गवयाचा हट्ट होता, की क्षणात जन्मून क्षणात विरणाऱ्या कलेविषयीचा पूर्ण विचार होता, हा प्रश्न त्यांच्या चरित्राच्या अनुषंगाने तपासून पाहण्यासारखा आहे.

अल्लादिया खाँ यांचा जन्म १८५५ मध्ये राजस्थानातील उनियारा येथे झाला. मूळ नाव गुलाम अहमद. आधीची भावंडे जगली नाहीत म्हणून हा मुलगा ईश्वराने दिलेला, या भावनेने त्याला अल्लादिया म्हणू लागले अशी हकीकत आहे. घराणे मूळचे अलिगढजवळील अत्रौलीचे आणि गाण्याचा वारसा पिढीजात. आपले पूर्वज हिंदू ब्राह्मण होते, असे खाँसाहेब आवर्जून सांगत. वडिलांचे छत्र लहानपणीच हरपल्यामुळे शिक्षणाची जबाबदारी चुलते जहांगीर खाँ यांनी उचलली. प्रथम ध्रुपद-धमार, मग ख्याल, अशी ती वर्षानुवर्षांची तालीम होती. जयपूरच्या मुबारक अली खाँ यांच्या पेचदार तानांचा तरुण अल्लादियांच्या मनावर खोल ठसा उमटला. शिष्याने दिवसेंदिवस एकच पलटा घोटावा आणि गुरूने मान डोलावल्याखेरीज पुढे जाऊ नये, असा तो काळ होता.

त्यांच्या आयुष्याला कलाटणी मिळाली ती एका संकटातून. आमलेटा येथे तेथील अधिपतीच्या आग्रहाखातर त्यांना सतत अनेक दिवस गावे लागले आणि त्या अतिश्रमाने त्यांचा आवाज बसला. मूळचा सुरेल, भरदार आवाज पूर्ववत् कधीच झाला नाही. एखादा सामान्य गवई येथेच संपला असता. खाँसाहेबांनी मात्र आपल्याजवळ उरलेल्या कंठाचा थंड डोक्याने हिशेब मांडला. आवाजातील माधुर्याच्या बळावर श्रोत्याला जिंकणे आता शक्य नव्हते. तेव्हा रचनेच्या, लयीच्या आणि बुद्धीच्या बळावर उभी राहणारी गायकी घडविणे त्यांना क्रमप्राप्त झाले. आकारातून स्वरांची वळणे एकमेकांत गुंफत जाणारी आलापी, लयीच्या अंगाने चालणारी व नेमकी समेवर येणारी तान, दीर्घ दमसास, आणि दोन रागांचे रसायन साधणारे जोडराग ही त्या गायकीची लक्षणे होत. ज्याला पुढे जयपूर-अत्रौली घराणे म्हणून प्रतिष्ठा लाभली, त्याच्या मुळाशी असा एक भंगलेला आवाज आहे.

या गायकीचे मर्म तबकडीच्या प्रश्नाशी निगडित असल्यामुळे त्याचा थोडा विस्तार आवश्यक आहे. ख्यालगायकाजवळ रागाचे नियम, बंदिशीचे शब्द आणि तालाचे आवर्तन एवढेच आधीपासून ठरलेले असते. त्या चौकटीत काय भरायचे हे तो मैफलीत बसल्यावर ठरवितो. किंबहुना एक आवर्तन संपण्यापूर्वी पुढच्या आवर्तनाची आखणी त्याच्या मनात सुरू झालेली असते. खाँसाहेबांच्या पद्धतीत ही आखणी विशेष गुंतागुंतीची होती. तान कोठे वळेल याचा अंदाज श्रोत्याला येऊ नये आणि ती समेवर आल्यावर दुसरीकडे जाणे शक्यच नव्हते असे वाटावे, हे तिचे कौशल्य. सावनी नट, बसंती केदार, रायसा कानडा, खट यांसारख्या अनवट रागांत हा खेळ तोलून धरायला वेळ हवा आणि तो वेळ देणारा श्रोताही हवा.

असा श्रोता त्यांना कोल्हापुरात लाभला. १८९५ च्या सुमारास राजर्षी शाहू महाराजांनी त्यांना दरबार गायक म्हणून आश्रय दिला आणि महाराजांच्या निधनापर्यंत, म्हणजे १९२२ पर्यंत, सुमारे २७ वर्षे खाँसाहेब कोल्हापूरकर होते. कुस्ती, नाटक आणि गाणे या तिन्ही कलांवर सारखेच प्रेम करणाऱ्या या राजाने गवयाला निर्वाहाच्या विवंचनेतून मुक्त केले. अर्थशास्त्राच्या परिभाषेत सांगायचे तर कलावंताला प्रत्येक मैफल बाजारात विकावी लागत नव्हती. त्याचा वेळ राज्याने विकत घेतला होता आणि तो त्यालाच परत दिला होता. अंबाबाईच्या देवळात खाँसाहेबांचे स्वर घुमत, ही आठवण कोल्हापुरात पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जाते. देवल क्लबसारख्या संस्थेमुळे दरबाराबाहेरही जाणकार रसिकांचा एक वर्ग या गावात तयार झाला.

याच काळात त्यांचे गाणे अप्रत्यक्षपणे महाराष्ट्रभर पसरले. त्यांचे शिष्य भास्करबुवा बखले आणि त्यांच्या सहवासात घडलेले कोल्हापूरचे गोविंदराव टेंबे हे दोघेही मराठी संगीत रंगभूमीचे शिल्पकार ठरले. १९११ मधील ‘मानापमान’चे संगीत टेंब्यांचे, तर १९१६ मधील ‘स्वयंवर’चे बखलेबुवांचे. गावोगावचा जो कारकून वा शिक्षक दरबारात पाऊल टाकू शकत नव्हता, तो नाट्यगृहातील स्वस्त जागेवर बसून या विद्येचे पडसाद ऐकत होता. दरबाराने सांभाळलेली कला लोकांपर्यंत पोहोचली ती अशी, नाटकाच्या तिकिटातून.

मग तबकडीला नकार का? त्याची कारणे शोधताना कलेइतकाच व्यवहाराचाही विचार करावा लागतो. पहिले कारण वेळेचे. त्या काळच्या तबकडीची एक बाजू तीन-साडेतीन मिनिटांत संपे. ठुमरी, भजन, नाट्यपद त्यात बसविता येत असे; पण अर्धा-पाऊण तास हळूहळू उलगडणारा जोडराग बसविणे म्हणजे त्याचा सांगाडा विकणे होय. दुसरे कारण मालकीचे. बंदिशी आणि अनवट राग हे घराण्याचे भांडवल होते. त्यावर मुलाबाळांचा आणि शिष्यांचा चरितार्थ अवलंबून होता. तबकडी बाजारात गेली की कोणीही ती ऐकून चीज उचलावी आणि मूळ गवयाला कवडीही मिळू नये, अशी स्थिती होती. भारतीय कायद्याने कलावंताला आपल्या सादरीकरणावर स्वतंत्र हक्क दिला तो १९९४ च्या दुरुस्तीने, म्हणजे खाँसाहेबांच्या मृत्यूनंतर ४८ वर्षांनी. जेथे कायदा संरक्षण देत नाही तेथे गुप्तता हेच संरक्षण असते. ज्याला हट्ट म्हटले जाते, त्यामागे असा रोकडा हिशेबही होता.

तिसरे कारण अधिक मूलगामी आहे, आणि त्याचा प्रतिध्वनी पुढे फार दूरच्या देशांत उमटला. १९६० नंतरच्या दशकांत इंग्लंडमधील काही वादकांनी आधी लिहिलेली रचना, ठरलेला ताल, ठरलेली सुरावट हे सारे बाजूला सारून केवळ त्या क्षणी सुचेल ते वाजविण्याचा प्रयोग सुरू केला. त्यांच्यापैकी कॉर्नेलियस कार्ड्यू याने १९७१ मध्ये असे प्रतिपादन केले की अशा वादनाची ध्वनिफीत हा जवळजवळ पोकळ दस्तऐवज होय. कारण ते ज्या जागेत, ज्या माणसांपुढे घडले ते सारे त्यातून गळालेले असते. गिटारवादक डेरेक बेली याने उत्स्फूर्त वादनावर १९८० मध्ये पुस्तक लिहिले, तेव्हा त्यात भारतीय रागसंगीताला स्थान दिले. गंमत अशी की हाच बेली १९७० मध्ये आपल्या साथीदारांसह स्वतःची ध्वनिमुद्रिका कंपनी काढून बसला होता. रेकॉर्डवर विश्वास नाही, पण रेकॉर्डवाचून आपले वादन चार गावांपलीकडे जात नाही, हा पेच त्यालाही सुटला नाही. ख्यालगायक रागाने बांधलेला आणि हे वादक बंधन झुगारणारे, हा भेद मोठा आहे. तरीही ज्याची निर्मिती आणि सादरीकरण एकाच क्षणी होते ते साठवायचे कसे, हा प्रश्न दोघांपुढे एकच होता.

शाहू महाराज १९२२ मध्ये निवर्तले आणि खाँसाहेबांनी मुंबईची वाट धरली. तेथे राजाची जागा धनिकांनी घेतली. केसरबाईंची तालीम १९२१ मध्ये सुरू झाली होती. तीसाठी खाँसाहेबांनी घातलेल्या अटी कडक होत्या. पैशाच्याही आणि वेळेच्याही. तासन्‌तास, वर्षानुवर्षे मेहनत करण्याची तयारी असेल तरच शिकवीन, हा त्यांचा बाणा. मोगूबाईंचा योग वेगळ्या रीतीने आला. प्रकृतीच्या उपचारासाठी सांगलीस मुक्कामी असताना शेजारून येणारा एका तरुण मुलीचा रियाज त्यांच्या कानी पडला आणि ते आपण होऊन शिकवावयास गेले. पुढे त्या तालमीत खंड पडला. काही काळ मोगूबाई खाँसाहेबांचे बंधू हैदर खाँ यांच्याकडे शिकल्या. विद्या ही खासगी मालमत्ता असली की ती कोणाला द्यावी आणि कोणाला नाकारावी हेही मालकच ठरवितो, आणि त्याचा जाच गुणी पण निर्धन माणसाला अधिक होतो. या व्यवस्थेचे गुण सांगताना तिची ही कठोर बाजू झाकता येणार नाही.

अखेरच्या वर्षांत दुःखाचा घाला पडला. बुद्धिमान पुत्र मंजी खाँ १९३७ मध्ये अकाली गेले. भूर्जी खाँ यांनी मात्र कोल्हापुरात राहून विद्येचा धागा तुटू दिला नाही. मंजी खाँ आणि नंतर भूर्जी खाँ यांच्याकडे शिकून मल्लिकार्जुन मन्सूर यांनी ही गायकी आपल्या ढंगाने देशभर नेली. वार्धक्यात खाँसाहेबांनी आपल्या आयुष्याची हकीकत नातवाला सांगितली आणि ती कागदावर उतरली. कंठ यंत्राच्या हवाली न करणाऱ्या या माणसाने आपली कहाणी मात्र शब्दांच्या हवाली केली. १६ मार्च १९४६ रोजी, नव्वदी गाठून, त्यांनी मुंबईत देह ठेवला. दीर्घकाळ वाजणारी तबकडी अमेरिकेत बाजारात आली १९४८ मध्ये. त्यांच्या गाण्याला पुरेल एवढी जागा यंत्रात निर्माण झाली, ती अवघ्या दोन वर्षांनी उशिरा.

यातील विधिलिखित विसंगती तर पुढेच आहे. १९७७ मध्ये अमेरिकेने व्हॉयेजर नावाची दोन याने अंतराळात सोडली. पृथ्वीवरील मानवाची ओळख म्हणून प्रत्येक यानावर एक सोनेरी तबकडी बसविली, आणि तीत भारतीय संगीताचा एकमेव नमुना म्हणून केसरबाईंची साडेतीन मिनिटांची भैरवी घातली. त्याच वर्षी १६ सप्टेंबरला केसरबाई निवर्तल्या. ती दोन्ही याने आता सूर्याच्या प्रभावक्षेत्राबाहेर गेली आहेत. ज्या गुरूने शेजारच्या गावातही आपली तबकडी जाऊ दिली नाही, त्याची शिष्या अशी ताऱ्यांच्या दिशेने निघाली आहे.

मग खाँसाहेबांचे चुकले काय? नुकसान झाले हे मान्य केलेच पाहिजे. त्यांची एखादी सावनी नट आज कानी पडती तर घराण्याविषयीचे अर्धे वाद मिटले असते, आणि गरीब विद्यार्थ्याला गुरूच्या मर्जीविना त्या विद्येचा एक कवडसा तरी मिळाला असता. परंतु दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. तबकडीची वाट बंद असल्यामुळेच त्यांना आपले सारे गाणे माणसांत ओतावे लागले. केसरबाई, मोगूबाई, मंजी खाँ, भूर्जी खाँ आणि त्यांच्यानंतर मन्सूर व किशोरी आमोणकर, कोणीही कोणाची नक्कल नव्हे. प्रत्येकाने तोच धागा घेऊन वेगळे वस्त्र विणले. तबकडीवरून शिकणारा बहुधा गाणे उचलतो. गुरूसमोर बसणारा गाणे कसे सुचते ते उचलतो.

आज ध्वनिमुद्रणाला वेळेचे बंधन नाही आणि खर्चही नगण्य. ऐकण्याची सोय प्रत्येक विद्यार्थ्याच्या हातात आहे. उणीव आहे ती दहा-दहा वर्षे शिकण्याच्या आणि शिकविण्याच्या सोयीची. गुरूला निर्वाहाची शाश्वती आणि गरीब शिष्याला फुरसत देण्याचे जे काम एकेकाळी कोल्हापूरच्या गादीने एका गवयासाठी केले, ते आता नगरपालिका, विद्यापीठे आणि संगीतसंस्थांनी अधिक उदार रीतीने, जात, धर्म व ऐपत न पाहता करावयास हवे. जुन्या ध्वनिमुद्रिका जपणे हे कर्तव्य आहेच. पण खाँसाहेबांच्या चरित्राचा बोध असा की गाण्याचे खरे जतन गळ्यात होते, आणि गळा तयार करावयाचा तर त्यामागे वर्षांची गुंतवणूक करावी लागते. ती करण्याची आपली तयारी नसेल, तर त्यांनी तबकडी नाकारली म्हणून हळहळण्याचा अधिकारही आपल्याला उरत नाही.