कर्नल साइक्स आणि आपल्या गोड्या पाण्यातले मासे



तुम्ही शेवटचा गळ कधी टाकला होता? रेवदंड्यात वाढलेल्यांना खाडीचे मासे तोंडपाठ असतात. पण पहिल्या पावसात ओढ्याला, शेतात चढून येणारे वलगणीचे मासे आठवतात का? शाळा सुटली की आपण दप्तर फेकून तिकडे पळायचो. मग नोकरी लागली, संसार आला आणि ते सगळं राहूनच गेलं.

आज ज्यांची ओळख करून घ्यायची आहे, ते वयाच्या चौतिशीत गोड्या पाण्यातल्या माशांकडे वळले आणि अठ्ठेचाळिशीपर्यंत त्यांना विसरले नाहीत. त्यांचं नाव विल्यम हेन्री साइक्स.

साइक्स यांचा जन्म 1790 चा, इंग्लंडमधला. कोवळ्या वयातच ते ईस्ट इंडिया कंपनीच्या मुंबईच्या फौजेत भरती झाले. वीस वर्षांचे होईपर्यंत इथल्या दोनेक भाषा बोलायला शिकले. 1817 साली खडकीला पेशव्यांच्या सैन्याशी लढाई झाली, तेव्हा ते कंपनीच्या बाजूने लढत होते. म्हणजे ते आपल्याला जिंकणाऱ्यांपैकी एक. मुलांना सांगताना ही गोष्ट लपवू नका.

पुढे चार वर्षं युरोपात काढून ते 1824 मध्ये परत आले. मुंबईचे गव्हर्नर एल्फिन्स्टन यांनी त्यांच्यावर नवंच काम सोपवलं. दख्खनमध्ये फिरायचं आणि शेती, लोकसंख्या, हवामान अशा सगळ्याची माहिती गोळा करायची. साइक्स गावोगाव हिंडले. कामाबरोबरच ते प्राणी, पक्षी आणि मासेही न्याहाळू लागले. भीमा, मुळा-मुठा, घोड अशा नद्यांचे मासे त्यांनी मिळवले, मोजले, नोंदवले.

1829 च्या अखेरीस सरकारने ते पदच रद्द केलं. आपण काय केलं असतं? फाइल बंद करून मोकळे झालो असतो. साइक्स यांनी मात्र रजा घेतली आणि पगार नसताना काम पुरं केलं. ते संपलं 1831 च्या जानेवारीत, म्हणजे वयाच्या एक्केचाळिसाव्या वर्षी. त्यानंतर ते मायदेशी परतले.

1838 मध्ये त्यांनी दख्खनच्या माशांवरचा आपला निबंध लंडनच्या प्राणिशास्त्र संस्थेपुढे मांडला. त्यात चाळीसपेक्षा जास्त जातींचं वर्णन होतं. खरी गंमत आहे ती नावांत. अनेक माशांची मराठी नावंच त्यांनी शास्त्रीय नावं म्हणून ठेवली. आपली शिंगटी जगभरच्या पुस्तकांत आजही 'मिस्टस सींगटी' आहे. दख्खनचा महासीर 'टॉर खुद्री' आहे. 'लॅबिओ पोटेल' आणि 'गारा मुल्या' ही नावंही त्यांचीच देणगी.

आता जरा थांबा आणि विचार करा. ही नावं साहेबाला कुणी सांगितली असतील? नदीकाठच्या भोयांनी, जाळं टाकणाऱ्या माणसांनीच ना! त्यांची नावं कुठल्या निबंधात नाहीत, पण त्यांची बोली मात्र विज्ञानात कायमची राहिली. साइक्स यांचा मोठेपणा एवढाच की, त्या माणसांचे शब्द त्यांनी खोडले नाहीत.

साइक्स लंडनच्या स्टॅटिस्टिकल सोसायटीच्या संस्थापकांपैकी एक होते. पुढे ते कंपनीचे अध्यक्ष झाले, अॅबर्डीनमधून खासदार म्हणून निवडून आले. 1872 मध्ये त्यांचं निधन झालं.

तुम्ही म्हणाल, दख्खनच्या नद्यांचा आपल्या रेवदंड्याशी काय संबंध? आहे ना! मुळशी धरणात अडवलेलं मुळेचं पाणी घाट उतरून भिऱ्याच्या वीजघरात येतं. 1927 पासून हे वीजघर चालू आहे. तिथून ते पाणी कुंडलिकेला मिळतं आणि कोलाड, रोहा करत आपल्या खाडीत येतं. साइक्स यांनी जिथले मासे मोजले, त्या नदीचं पाणी आज आपल्या दारात समुद्राला मिळतंय.

पण त्या पाण्यातले मासे आपल्या मुलांना ओळखता येतात का? धरणं, सांडपाणी आणि बाहेरून आणून सोडलेल्या जाती यांमुळे आपल्या नद्यांतले कितीतरी मूळचे मासे कमी होत चाललेत. मासा दिसेनासा झाला की त्याचं नावही बोलण्यातून जातं.

म्हणून या सुट्टीत एक उपक्रम करून बघा. मुलांना घेऊन गावातल्या एखाद्या जुन्या मासे धरणाऱ्या आजोबांकडे जा. गोड्या पाण्यातल्या दहा माशांची नावं विचारा आणि वहीत लिहून घ्या. सांगणाऱ्याचं नाव सगळ्यात वर लिहा. मग जुना गळ शोधून तळ्यावर जा, मोठ्यांनी सोबत राहायचंच. वलगणीचे मासे मात्र नुसते बघा, धरू नका. ते अंडी घालायलाच चढतात.

कोण जाणे, मुलांना शिकवता शिकवता तुम्हालाच जुना नाद पुन्हा लागेल!